वर गेलेला हात

माझ्या काउंटरवाल्या राणीस,

दोन विमान कंपन्या एक झाल्या आणि आपण वैरी झालो. युनियनच्या करारात आम्हा बॅगा चढवणाऱ्या लोडरांची नोकरी पक्की, कपातीत पहिली तुमची काउंटरची माणसं. मी भडकलो, विरोध करणार म्हणालो.

"मजनू, तिच्यासाठी कॉलेज सोडलंस, नोकरीही सोड," माझ्यासोबतच लोडर असलेला माझा दादा म्हणाला. "पण बॅगा उचलून माझे दोन्ही खांदे गेलेत. मला दुसरीकडे कोण ठेवेल?"

सभेत मतासाठी दादाचा हात छातीपर्यंतच आला. "धर रे," तो पुटपुटला. मी त्याचं कोपर धरून वर नेलं. माझा दुसरा हात खिशातच होता. काचेपलीकडून तुला तो दिसला नाही, फक्त वर गेलेला दिसला.

करार मंजूर झाला. तू मला दगाबाज म्हणालीस. हे पत्र तुला पाठवणार नाही; खरं सांगितलं, तर दादाला शिव्या देशील. त्यापेक्षा मलाच दे.

अजूनही तुझाच,
तापट