न कातलेला ताग

ग्रुई, ४ मार्च १९३४

चि. व्हॉयका हिस स्टांकामावशीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला क्रायोव्हाचा साबण पोचला. वास इतका छान की मी तो कपड्यांच्या पेटीतच टाकलाय. अंगाला आमचा राखेचा साबण पुरे. माझा लेक ओप्रेआ लाकूडतोडीला डोंगरावर गेलाय, गाडीही त्याच्याचकडे. आता ईस्टरलाच उतरेल. घरात आम्ही सासूसुनाच.

आता तुझ्या बहिणीचं गाऱ्हाणं. राग मानू नकोस, दुमित्रा मला आवडते. गोड हसते, कधी उलटून बोलत नाही. पण पोरगी भारी आळशी गं! शेजारच्या पोरींचं सूत केव्हाच मागावर चढलं, हिच्या टोपलीत निम्मा ताग तसाच. चाती हातातून गळून पडते आणि ही रिकाम्या बोटांनी कातत बसते. पातेलं उचलते ते सांडायलाच. विचारलं तर म्हणते, कळलंच नाही. खायला काळ आणि भुईला भार, असं मी म्हटलं तर तीही हसली.

संध्याकाळी मी तिला आळशी सुनांच्या गोष्टी सांगते. एका घरी सासरा सुनेला कामापुरतीच भाकरी वाढायचा, आणि उपाशी पोटी तिची झोप कशी उडाली, ती गोष्ट तुला ठाऊकच आहे. परवापासून मीही मक्याची ममलिगा तशीच वाढते. जेवढं सूत, तेवढा तुकडा. गोष्टीतली सून लगेच सुधारली, आपली जरा सावकाश आहे. ईस्टरआधीच्या मोठ्या गुरुवारी जोइमारित्सा निखाऱ्यांचं मडकं घेऊन येईल आणि जिचा ताग उरला असेल तिची बोटं भाजेल, हेही सांगून ठेवलंय. लहानपणी तूसुद्धा त्या म्हातारीला भ्यायचीस ना?

प्रकृतीला जप. लोभ आहे तो वाढवावा.
तुझी, स्टांकामावशी


क्रायोव्हा, ११ मार्च

ती. स्टांकामावशींस शि. सा. न. वि. वि.

साबण पेटीत ठेवलात हे वाचून खूप हसले. मग पुढचं वाचलं आणि हसू मावळलं.

मावशी, आमची आई गेली तेव्हा दुमित्रा जेमतेम घागरीएवढी होती. तेव्हापासून विहिरीचं पाणी तिनंच भरलं. मी आळशी होते, ती नव्हती. तिला एकदा जवळ बसवून नीट विचारा. ममलिगा पोटभर वाढा, तुमच्या पाया पडते. सूत काय, पुढच्या वर्षीही निघेल.

आणि त्या गोष्टींचं मला नेहमीच नवल वाटतं. मुलगा आळशी असला की तो चुलीमागे लोळत पडतो, त्याला बोलणारा मासा भेटतो आणि राजाची मुलगी मिळते. मुलगी आळशी असली की तिला निखारा! तुमच्या ओप्रेआला लहानपणी कुठली गोष्ट सांगत होतात हो?

चेष्टा केली, क्षमा असावी. दुमित्राला चार ओळी लिहायला सांगा. कृपालोभ असावा.
आपली, व्हॉयका


ग्रुई, १८ मार्च

ती. ताईस दुमित्राचा सा. न.

अक्षर वाईट आलंय, बोलू नकोस. पेन्सिल धरली आहे की नाही ते बघत बघत लिहावं लागतं. चातीचंही तसंच. ती खाली पडलेली दिसली की मग कळतं की माझ्या हातात नाही.

सगळे मला आळशी म्हणतात, तेव्हा असेनही. आळशी माणसाला आपण आळशी आहोत हे आतून कसं कळतं गं? मी तर पहाटेपासून कातत असते. डाव्या हाताची दोन बोटं लाकडाची झाल्यासारखी आहेत. भुवईपाशी एक फिकट डाग आलाय, तो मी रुमालाखाली झाकते. इथल्या आई वाईट नाहीत. रागावून उपाशी ठेवतात आणि मग माझ्यासाठी गुपचूप लावलेली मेणबत्ती मला देवापाशी दिसते.

जोइमारित्सा खरंच येते का? टोपली अजून अर्धी आहे. तुझी माया असू दे.
तुझी, दुमित्रा


क्रायोव्हा, २६ मार्च

ती. स्टांकामावशींस शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या डॉक्टरांना दुमित्राचं पत्र वाचून दाखवलं. ते जेवता जेवता थांबले. त्यांनी विचारलंय की तिच्या बोटांना ऊन आणि गार कळतं का, हे ती बघत नसताना तपासलंय का कुणी? कळत नसेल तर तो आळस नाही, दुखणं आहे, आणि त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही. ते उठून कितीदा तरी हात धुवत राहिले. मला भीती वाटते, मावशी.

एवढं तपासून कळवा. पुढच्या आठवड्यात सुट्टी मिळाली की मी तिला न्यायला येतेच. तिला अंतर देऊ नका, हेच मागणं.
आपली, व्हॉयका


ग्रुई, ६ एप्रिल, पवित्र शुक्रवार

चि. व्हॉयका हिस.

तू विचारलंस ते तपासलं. डॉक्टर लोक आळसालाही नवं नाव ठेवतात, असं मला वाटलं होतं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. पोरीला धाक बसेल आणि तुलाही उत्तर मिळेल.

काल मोठा गुरुवार. पितरांसाठी अंगणात पहाटे शेकोटी पेटवली. जोइमारित्सा बनायला आमच्या म्हाताऱ्या करतात तसाच कोट उलटा घातला, तोंडाला काजळी फासली आणि शेकोटीतला एक निखारा चिमट्यात धरून आत गेले. दुमित्रा खिडकीकडे तोंड करून बसली होती. उरलेला ताग उरकायची तिची धडपड चालली होती. उजव्या हातानं गुंता सोडवत होती, डावा हात मागे बाकावर टेकलेला. ठरवलं होतं की नुसती धग लावायची. ती किंचाळेल, मी हसेन, मग दोघी मिळून चहा घेऊ.

हात हलला नाही. वाटलं, हात मागे घ्यायचाही हिला कंटाळा! मला राग आला गं. मी निखारा टेकवला. कितीतरी वेळ टेकवला.

ती गुणगुणतच होती. मग तिनं नाक वर करून हुंगलं आणि मागे न बघता मला विचारलं की आई, चुलीवर काही करपतंय का?

लवकर ये. लोभ असावा असं लिहायला माझा हात धजत नाही.
स्टांका