टोर्नवेलचं पाणी उतरेपर्यंत

येडगाव,
पाडव्यानंतरचा दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप सुदर्शनदादा यांस,
मामेभाऊ भरतचा साष्टांग नमस्कार. (तू माझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा. अकरा महिन्यांना साष्टांग जरा जास्त होतो, पण पत्राला सुरुवात लागते. यापुढे 'तू' म्हणेन.) इकडे सर्वांची तब्येत बरी. पुण्यात सोनलवहिनी आणि अक्षदा मजेत असतील. तुझी पाठ कशी आहे? ऑफिसची खुर्ची बदलून मिळाली का? नसेल तर खाली उशी घे. नर्सरीत ट्रे भरताना मी तेच करतो.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. मी तुला दिवाळीपासून नऊ मेसेज केले. नऊही लांब होते, हे मान्य. नऊंनाही तू अंगठा दिलास. त्यातल्या एकात मी आमची म्हैस गेल्याचं कळवलं होतं. पत्राला अंगठा देता येत नाही, म्हणून पत्र.

आत्याचा, म्हणजे तुझ्या आईचा डोळा उत्तम आहे. ऑपरेशनच्या दिवशी तू नारायणगावला आला होतास, बिस्किटं आणली होतीस आणि चार वाजता निघालास, त्यानंतर तो आणखी उत्तम झाला. कळंबला धूळ फार म्हणून महिनाभर ती इथेच माहेरी आहे. आता तिला सगळं स्पष्ट दिसतं आणि त्याचा त्रास आम्हाला होतो. भिंतीला ओल आहे, माझे केस पांढरे झाले, भांडी नीट घासली जात नाहीत. हे सगळं आधीपासून होतं, पण मोतीबिंदूनं झाकून ठेवलं होतं.

आता मुख्य विषय. 'हेल्वार'चा, आपल्या त्या कॉम्प्युटर गेमचा, दुसरा भाग आला. दिवाळीतच आला. तू घेतला असशील किंवा नसशील, मला माहीत नाही. (त्याबद्दलचा मेसेज हा नवांपैकी पहिला.) सतरा वर्षं वाट पाहिली आणि आल्यावर पहिल्याच तासात बंद करून ठेवला. का ते सांगतो. आधी चांगलं सांगतो, म्हणजे मी कुरकुऱ्या आहे असं तुला वाटणार नाही.

गवत हलतं. घोड्याला घाम येतो. पाऊस यायच्या आधी पाखरं खाली उतरतात. हे ज्यानं केलं तो कुठल्या तरी देशात बांधावर बसून राहिलेला माणूस असणार. घोडा भिंतीत अडकत नाही. (आपला घोडा चक्कीच्या भिंतीत अडकला होता तो आठव. अर्धा आत, अर्धा बाहेर. आपण त्याला तसाच ठेवून पायी गेलो आणि परतताना रोज त्याची विचारपूस करायचो.) हे सगळं मला आवडलं. आवडलं याचाही राग आला. आपल्या वेळचं गवत हिरव्या कागदाचं होतं आणि त्यात आपल्याला काही कमी वाटत नव्हतं.

आता वाईट. डोक्यावर सोन्याचा बाण असतो. कुठं जायचं ते बाण सांगतो. जुन्या भागात आपण रस्ता विचारायचो आणि तो म्हातारा पखालवाला चुकीचा रस्ता सांगायचा. दर वेळी सांगायचा. आपण दर वेळी विचारायचो. आता तो पखालवाला नाही, बाण आहे, आणि बाण चुकत नाही, म्हणून त्याच्याशी ओळख होत नाही. दुसरं, औषधाच्या बाटल्या तीन दिवसांत नासतात. बाटली आहे, ताक नव्हे. आपल्याकडे लाल औषधाच्या एकोणीस बाटल्या होत्या. त्या आपण पेटीत ठेवल्या आणि कधीच प्यायलो नाही, पुढं मोठं संकट येईल म्हणून. शेवटचा राक्षस आला तेव्हाही तू म्हणालास, अजून मोठं येईल. राक्षसाला आपण काठीनं मारला. पाऊण तास लागला. तिसरं, लोक फार बोलतात. जुना लोहार तीनच वाक्यं बोलायचा आणि माणूस म्हणून पक्का कळायचा. नवा लोहार स्वतःचं बालपण सांगतो.

पण बंद केला तो यासाठी नाही. नकाशा उघडला, टोर्नवेल शोधलं. आपलं पहिलं गाव. चक्की, घंटेचं देऊळ, आड, आणि आडाशेजारी आपल्या हौशीरामनं चारशे ओंडके तोडून बांधलेलं घर. (आजोबांचं नाव त्या लोखंडी सरदाराला द्यायची कल्पना तुझी. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं तलवार फिरवायची, असं ठरल्यामुळे हौशीराम चालायचा एकीकडे आणि वार करायचा दुसरीकडे. खरे आजोबा खाटेवर बसून बघायचे. आपण कॉम्प्युटर शिकतोय असा त्यांचा समज होता.) नकाशावर त्या जागी निळा रंग होता. तिथं गेलो तर पाणीच पाणी. दोन भागांच्या मधल्या काळात राजानं धरण बांधलं आणि टोर्नवेल बुडालं, असं एका पाटीवर चार ओळींत लिहिलेलं.

मी गेम बंद केला आणि रोपांना पाणी द्यायला गेलो. जगभरचे जुने खेळाडू इंटरनेटवर भांडत होते. तीनशे चाळीस पानं मी वाचली. एकानं लिहिलं, ही फसवणूक आहे. दुसऱ्यानं लिहिलं, कथेला पुढं जावंच लागतं. ब्राझीलच्या एका माणसानं लिहिलं, माझी आजी गेली तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. (मला त्या आजीचं वाईट वाटलं.) मी काहीच लिहिलं नाही. येडगावात राहून यावर काय लिहिणार?

फाल्गुनात आत्या आली. डॉक्टरांनी पंधरा दिवस टीव्ही बंद सांगितला होता. सोळाव्या दिवशी दुपारी ती काळा चष्मा लावून माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ह्ये त्येच का रं, ज्याच्यापायी तुमी दोघं उन्हाळाभर अंघोळी करत नव्हता?" मी हो म्हणालो. लाव म्हणाली. चार महिन्यांनी मी तो गेम लावला तो असा. हौशीराम ठेवला होता तिथंच, पाण्याच्या कडेला उभा होता.

तिनं पाणी बघितलं. मग चौकशी सुरू झाली. धरण कुणी बांधलं? राजानं. माणसं कुठं घातली? माहीत नाही. "बदली जमीन दिली का न्हाई?" मी म्हणालो, आत्या, असं विचारता येत नाही. ती म्हणाली, "त्यो टोपीवाला हुबा हाय, त्याला इचार की." टोपीवाला राजाचा अंमलदार होता. त्याच्याशी तीनच गोष्टी बोलता येत होत्या: राजाचा विजय असो, मला काम द्या, आणि येतो. आत्या म्हणाली, "येतो म्हन."

मग तिनं तिथला महिना विचारला. बर्फ नुकताच वितळलेला होता. "मंग भरल्यालंच असणार," ती म्हणाली. "उन्हाळा लागू दे. पाणी उतरंल."
"आत्या, हा गेम आहे."
"पाणी हाय ना?"
"आहे."
"मंग उतरंल. बस हितंच."

या गेममध्ये थांबण्याचं एक बटण आहे. एकदा दाबलं की एक दिवस जातो. कुणी ते वापरत नाही, कारण बाण सतत पुढं बोलावत असतो. आम्ही ते वापरलं. रोज दुपारी ट्रेंवर पाणी मारून झालं की मी बसायचो आणि आत्या शेजारी. मला भराभर दाबू द्यायची नाही. एक दिवस दाबायचा, पाणी बघायचं, मग पुढचा. दोनदा लांडगे आले. राजाचे दूत आले, राज्य धोक्यात आहे म्हणाले. आत्यानं त्यांना बसायला सांगितलं. माझ्या बायकोनं, वैजयंतीनं, एकदा दारातून बघितलं. एक लोखंडी माणूस, एक तळं आणि आम्ही दोघं. "काय चाललंय?" तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "वाट बघतोय." वैजयंती परत गेली आणि पाच मिनिटांनी तीन कप चहा घेऊन आली. आठव्या दिवसापर्यंत तीही ओळीत बसायला लागली होती.

त्र्याऐंशी दिवस दाबले, सुदर्शन. त्र्याऐंशीव्या दिवशी पाण्यातून घंटेचं टोक दिसलं. सत्त्याऐंशीला चक्कीचं चाक. एक्याण्णवला आडाचा काठ आणि त्याच्या शेजारी आपलं घर, छप्पर गेलेलं, दार जागेवर. ज्यानं हे केलं तो नक्कीच बांधावर बसलेला माणूस. तीनशे चाळीस पानांत एकाही माणसाला हे माहीत नव्हतं. मी चष्मा काढून पुसला. मला चष्मा नाही. तो आत्याचा होता.

तिनं सांगितलं, "उंबऱ्यावर हुबा कर त्याला." केला. मग आडापर्यंत चालव म्हणाली आणि पावलं मोजली. बावीस भरली. "ह्येंचा आड लांब हाय," ती म्हणाली. "आमच्या घरापासनं सतरा व्हती." आपलं जुनं गाव धरणासाठी सोडलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, हे तुला माहीत असेल. आजोबांनी निघताना दाराची चौकट उपटून बैलगाडीत घातली, हे मला माहीत नव्हतं. आपल्या स्वयंपाकघराला आहे तीच ती. तू तिच्यावर निदान सहा वेळा डोकं आपटून घेतलंस. चौकट इथं आणि जोतं तिकडे, पाण्याखाली. तिनं हे नेहमीच्या आवाजात सांगितलं, भांड्यांबद्दल बोलते तसं. मग म्हणाली, "सुदर्शन म्हनला व्हता चार वर्सांमागं, काय जायचं, तिथं निस्ता चिखल हाय." रागानं नाही म्हणाली. तुझं म्हणणं बरोबरच आहे, अशा आवाजात म्हणाली.

मी हौशीरामला घरात नेलं आणि पेटी उघडली. पेटी रिकामी.

आता कामाचं. नियम असा आहे की जुन्या भागाचा सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, दिला, तर आपण पेटीत ठेवलेलं सगळं जसंच्या तसं मिळतं. सेव्ह आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि तो २०११ साली तू पुण्याला नेलास. तेव्हा ती हार्डडिस्क घेऊन ये. एकोणीस बाटल्यांचा प्रश्न आहे. अक्षय्य तृतीयेनंतर, शनिवार-रविवार धरून, दोन दिवस काढ. सोनलवहिनींना आणि अक्षदाला आण. आंबे असतील.

एवढंच. लोभ आहेच, तो वेगळा लिहीत नाही.

तुझा,
भरत

ता. क. डिस्क कुरिअरनं पाठवू नकोस. रस्त्यात कुठं चुंबक असतील सांगता येत नाही. स्वतः आण.

ता. क. दुसरा. खरं सांगतो. इतका जुना सेव्ह नव्या भागात चालत नाही, असं डब्याच्या मागं छापलेलं आहे. मी ते दिवाळीतच वाचलं. शिवाय ती डिस्क तू नवं घर घेताना भंगारात घातलीस, हे सोनलवहिनींनी मला केव्हाच सांगितलंय. मी तेव्हा दोन दिवस जेवलो नाही आणि कारण पित्त सांगितलं. आता राग नाही. रिकाम्या हातानं ये.

ता. क. तिसरा. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी म्हणतो, यंदा धरणाचं पाणी बरंच खाली जाणार. जुन्या गावाची जोती वैशाखात उघडी पडतील. आत्याचे गुडघे तुला माहीत आहेत. गाळातून तिला न्यायला दोन माणसं लागतात, एक इकडून, एक तिकडून. मी एकटाच आहे. एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं हात धरायचा, हे आपल्याला जमायला हरकत नाही. ती तुला कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. मी सांगितलं हे तिला सांगू नकोस.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवताना तिनं पकडलं. नव्या डोळ्यानं सगळं वाचलं, तिसऱ्या ताज्या कलमासकट. अक्षर घाण आहे म्हणाली. मग पेन मागितलं, पण लिहिलं काही नाही, मलाच परत दिलं आणि सांगितलं ते असं: "त्याला लिव्ह, चिखल हाय ह्ये खरं हाय. जुन्या चपला घालून ये म्हनावं."