न्हाणीचं दार

९ जानेवारी १९२३

शिसारी आली! बेळगावहून मागवलेली लाकूड कोरायची पटाशी पहिल्याच घावाला वाकली. दुकानदार म्हणाला होता, "विलायती पोलाद हाय, नातवापत्तूर टिकंल." थू! यापुढे चकाकीला भुलायचं नाही. गंजकी का असेना, पण लोहाराने ठोकलेली घ्यायची. दगडावर घासली की धार येते. चकाकी घासून काय येणार?

अण्णा दुकानामागच्या खोलीत डोकावले. माझं बाक, करवत, रंधा बघून तोंड वाकडं केलं. "आमच्या घरात आजपत्तूर कोन सुतार न्हवता. आता झाला." थोरला भाऊ. काय बोलणार? मीठ-मिरची तर दिवसभर विकतोच आहे. संध्याकाळी थोडं लाकूड तासलं तर कुणाचं काय जातं?

१२ जानेवारी

जेवताना बायको, यमुना, म्हणाली, "स्टुलं आन् पोळपाट पुरे झाले. न्हाणीला दार करा."

न्हाणी परसात. तीन बाजूंना कूड, पुढे गोणपाट. "शांता धड आंगूळच करंना. दोन तांबे घाईनं वतून घेती आन् वल्या लुगड्यानंच पळती." शांता म्हणजे आमच्या गेलेल्या धाकट्याची बायको. यमुना आणखी काही सांगणार होती. तेवढ्यात अण्णा पाटावर येऊन बसले, ती गप्प झाली.

लाज वाटली मला. इतकी वर्षं हत्यारं जमवतोय आणि घरच्या बायका गोणपाटाआड!

१५ जानेवारी

परसातला फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या चुलीवरच्या माळ्यावर दोन वर्षं वाळल्या आहेत. झिलूने आणि मी त्या खाली काढल्या. झिलू शेजारच्या गुंद गावचा कुणबी. रोज लाकडं फोडतो, न्हाणीतला हंडा भरतो. हात शहाणा आहे त्याचा, रंधा आणि गिरमिट चालवायला लगेच शिकला. ओलं लाकूड घेऊन घाई करणाऱ्यांची मला चीड येते. दार वाकडं होतं आणि मग म्हणतात सुतार वाईट.

अण्णा: "दार कशाला? घरातल्या घरात कुनाची चोरी?"

१६ जानेवारी

रंध्याचं पातं फार बाहेर काढलं. फळीभर खळगे. स्वतःचाच वीट आला.

२१ जानेवारी

गिरमिटाने आज रडवलं. कडीसाठी भोक पाडत होतो. पलीकडे बाहेर पडताना त्याने लाकडाचा लचकाच तोडला! सुरुवात केली ती बाजू गुळगुळीत, पलीकडे नुसत्या चिरफळ्या. ती फळी फेकली. आता मागे टाकाऊ लाकूड घट्ट धरूनच गिरमिट फिरवायचं. आणि काम झालं की प्रत्येक हत्याराला खोबरेल. आमच्या रानच्या दमट हवेत घामाचा हात लागला तरी लोखंड गंजतं.

२६ जानेवारी

दार बसलं! कडी आतून. यमुनेने उगाच चारदा उघडझाप केली. शांताने उन्हं वर आल्यावर आंघोळ केली — सावकाश. तांब्यामागून तांबे ओतल्याचा आवाज दुकानापर्यंत येत होता. गिऱ्हाईक ताटकळलं तरी मी ऐकत होतो. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं.

६ फेब्रुवारी

दाराला भोक! डोळ्याच्या उंचीला, आरपार, माझ्याच गिरमिटाच्या मापाचं. माझ्या दाराला! कोणीतरी बाहेर उभा राहून आमच्या बायकांना बघतोय.

परसात रोज कोण असतो? झिलू. गिरमिट कोणाला चालवता येतं? झिलूला. अंगणात बोलावून चार लोकांदेखत त्याला नाही नाही ते बोललो. "म्या न्हवं, सावकार. देवाची आण." हाकलून दिला.

अण्णा म्हणाले, "ब्येस केलंस. उळवीच्या जत्रंला बी त्याला वजं व्हायला संगं न्यायचं न्हाई." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

७ फेब्रुवारी

यमुना ताट आदळते. काय झालं विचारलं तर, "काय न्हाई." शांता पुन्हा आंघोळीला जाईनाशी झाली.

८ फेब्रुवारी

भोकात बसवायला फणसाची खुंटी तासली आणि दाराशी गेलो. बाहेरून हात फिरवला — चिरफळी बोटात घुसली. आतून फिरवला — गुळगुळीत.

भोक आतून पाडलेलं आहे!

मी, शहाणा! इथेच, या वहीत, गिरमिटाची रीत लिहून ठेवणारा. आणि तिथे उभा राहून साधं लाकूड बघितलं नाही, सरळ माणसाच्या अंगावर गेलो.

यमुनेला विचारलं. तिने शांताला हाक मारली. दाराआड उभी राहून शांता पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. "तुमचं गिरमिट घिऊन भोक म्या पाडलं, भावजी. कडी लावली की बाहीर कोन हुबं हाय ते दिसंना. त्यातनं बगायचं, मानूस गेलं की मगच कडी काढायची."

"कोण माणूस?"

मग यमुनाच कडाडली. "कोन म्हंजे? रोज त्या कुडापाशी दाताला राखुंडी लावत कोन हुबं ऱ्हातंय? गोणपाट हुतं तवापासनं बगतुया आमी. आन् तुमी झिलूला हाकललंसा!"

अण्णा. माझे अण्णा.

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी त्यांच्याफुडं कदी मान वर केलीसा?"

माझ्या पाठीवर त्यांचा हात होता, ती जागा धुवून काढावीशी वाटते.

१० फेब्रुवारी

गुंदाला जाऊन आलो. झिलू बाहेर आला नाही. त्याची बायको पारू अंगणात उभी होती. म्हणाली, "त्यो येनार न्हाई. पोरांच्या म्होरं चोर झालाय त्यो." पाणीही विचारलं नाही. का विचारावं? परत येताना स्वतःचीच किळस वाटत होती.

१७ फेब्रुवारी

उरलेल्या फळ्या पुरेशा झाल्या. दुसरं दार केलं — माजघराच्या मधोमध आडवा कूड घालून त्यात. परसातही कूड ओढला. न्हाणी, चूल आणि आम्ही तिघं अलीकडे. अण्णा एकटे पलीकडे. कडी आमच्या बाजूला.

पलीकडून थापा पडत होत्या. "काय रं हे? उघड!"

उघडलं नाही.