पस्तीस फुटांवरची थंडी

५ डिसेंबर १९७६, रविवार

पुन्हा तेच तळं!

सकाळी ओव्हरसियर बद्रीनाथ मोटारसायकलवर आल्ते. ओट्यावरच बसले. म्हणे, "पुंजाराम, तळ्याचं पाणी सोडायचा मोरीचा दरवाजा अजून तसाच अडकून बसलाय. वर तळं तुडुंब, खाली गहू वाळून चाललाय. ह्या भागात दुसरा पाणबुड्या न्हाई. तूच सांग कुणाला बोलावू."

मी म्हटलं, थंडी सरू द्या. मार्चात उतरतो.

"मार्चात गव्हाला पाणी देऊन काय करायचं?"

खरंच आहे त्यांचं. विचार करून सांगतो म्हटलं. ते गेल्यावर प्रभावती चुलीपासनंच बोलली, "न्हाई म्हणायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

होतं. उघडलं न्हाई.

६ डिसेंबर

बाबासाहेबांना वंदन करायला सगळी वस्ती विहारात. कांताबाई बायकांत पुढंच बसली होती. पांढरं लुगडं. मी खांबाआड बसलो. वंदना चालू असताना कानात वसंताच बोलत होता. तेच एक वाक्य. बाकी काही बोलत न्हाई तो!

वसंता — कांताबाईचा नवरा, माझा जोडीदार. नेव्हीतली बारा वर्षं संपवून मी गावाकडं आलो, तेव्हा ह्यानंच डोकं चालवलं. "दादा, तुमची बुडी मारायची विद्या वाया घालवू नका. मला शिकवा." मुंबईला बोटींच्या भंगारात हवेचा हातपंप घेतला, नळी घेतली. काठावर दोघांनी पंप हलवायचा, खाली एकानं काम करायचं. टेंभुर्णीपासनं राजूरपर्यंत विहिरीत पडलेल्या मोटारी काढल्या. माणसंही काढली. मंग हे तळं आलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्हीच टोपल्या टाकून बांधलेलं.

१७ जानेवारीला वसंता जाऊन वर्ष होईल. पंचनाम्यात मी सांगितलं, नळी अडकली. सगळ्यांना तेच सांगितलं.

९ डिसेंबर

विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं. म्हणून गावाला वाटतं, पाण्याखाली कसली आलीय थंडी! तळ्याचं तसं नसतं. रात्रभर वारा वरनं जातो, गार पाणी जड होतं न् तळाशी जाऊन बसतं.

हायस्कूलच्या सरांकडनं थर्मामीटर मागून आणलं. तोंड बारीक असलेली बाटली दगडाला बांधून मोरीपाशी सोडली, भरू दिली, झपकन् वर ओढली. सतरा! सतरा अंशांच्या पाण्यानं आंघोळ करणारे पुष्कळ आहेत. पण पस्तीस फुटांवर एक तास हातोडा चालवायचा म्हणजे अंगातली ऊब पाणी पिऊन टाकतं. आधी बोटं जातात. मंग अक्कल जाते.

माझा नेव्हीतला रबरी सूट आता न्हाई. गेल्या फेब्रुवारीत जाळला. प्रभावतीनं विचारलं होतं, चांगली वस्तू का जाळता? उंदरानं कुरतडला म्हटलं.

११ डिसेंबर

ओव्हरसियरना हो म्हणून आलो. का म्हटलं, ठाऊक न्हाई.

प्रभावतीनं ताट ओट्यावर ठेवलं न् आत निघून गेली.

१४ डिसेंबर

मुंबईहून रामरावचं पत्र. नेव्हीतला दोस्त. लिहितो — परदेशी बोटीवरचा एक सूट आहे, गुडघ्याला फाटलेला, मालक अडून बसलाय. त्यानं लिहिलेला आकडा म्हणजे माझी चार महिन्यांची कमाई! शिवाय माप माझ्याहून मोठं. ढिला सूट काय कामाचा? सूट पाणी अडवत न्हाई, आत शिरलेलं थोडं पाणी धरून ठेवतो. ते अंगाच्या उबेनं तापतं. ढिला असला की आतलं पाणी बदलत राहतं, न् माणूस नुसता गारठतो.

दुसरं — लोकर. ओली झाली तरी थोडी ऊब ठेवते. पण एकटी पुरत न्हाई. मी पाह्यलंय.

तिसरं — कचरू म्हणतो, अंगाला ग्रीस चोपडा. पंप हलवायला कचरू न् त्याचा भाऊ आहेत. ग्रीसनं ऊब राहत न्हाई, हातोडा मात्र हातातनं निसटतो.

१६ डिसेंबर

जुन्या जालन्यात गेल्तो. खाजामियाँच्या टायरच्या दुकानात. ट्रकची ट्यूब कापून सूट करता येईल का, विचारायला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "पुंजारामभाई, ट्यूब हवा रोकती, ठंड नै रोकती. तुम्हाला स्पंज होना. चप्पलचा!"

हवाई चपलेचा स्पंज! तिचा रबरी ताव निघतो, त्यातनं तळ कापतात. पातळसुद्धा मिळतो. शेजारच्या चपलेवाल्याकडं त्यानंच नेलं. मी बोटानं दाबला. दबतो, परत फुगतो. आत बारीक बारीक हवेची घरं. नेव्हीच्या सूटमध्ये दुसरं काय असतं?

अर्धा ताव घेतला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, किती पोरं आहेत तुम्हाला? चपला करायला नेता का?

हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. न् लगेच वसंता बोलला. कानाच्या मागं, अगदी जवळून.

१७ डिसेंबर

स्पंजाचा तुकडा तराजूत घातला, मंग दगड बांधून रांजणात बुडवला. दिवसभर ठेवला. पुसून पुन्हा तराजूत. वजन तेवढंच. पाणी प्यालाच न्हाई!

१८ डिसेंबर, शनिवार

कांताबाई आली. दारातनंच म्हणाली, "तुम्ही उतरणार म्हणून ऐकलं."

हो म्हटलं.

"दोर कोण धरणार?"

अजून ठरलं न्हाई म्हटलं. वसंता असताना मी खाली की तो वर, तो खाली की मी वर.

"मंग मी धरते."

प्रभावती बाहेर आली. म्हणाली, "अगं, तुला कशाला ते? त्याच पाण्यावर?"

"त्याच पाण्यावर," कांताबाई म्हणाली.

मी म्हटलं, बाई, तुम्हाला जमायचं न्हाई. माझं वजन, पाण्याचं वजन. तिनं हात पुढं केला न् पंपाशेजारी पडलेलं शिशाचं वजन एका हातानं उचलून ओट्यावर ठेवलं.

दोराच्या खुणा शिकवल्या. एक झटका — ठीक आहे. दोन — नळी सोडा. तीन — वर ओढा. तिनं एकदाच ऐकल्या. बराबर म्हणून दाखवल्या.

२६ डिसेंबर

सूट तयार. बिनबाह्यांची बंडी, बाह्या वेगळ्या, पायांच्या पोटऱ्या वेगळ्या, कमरेखाली लंगोटासारखा पट्टा जांघेतनं घेतलेला, न् डोक्याला टोपरं. डोकं झाकलं न्हाई तर बाकीचं फुकट. खाजामियाँनं जोड चिकटवले, वरनं पातळ ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. मनगटाला, गळ्याला, कमरेला ट्यूबचेच आवळून बसणारे पट्टे. आतनं नेव्हीचं लोकरी बनियन. पैसे घेताना तो म्हणाला, "चिकटवायचं सोल्युशन माझ्याकडनं. वसंतासाठी."

मी कसाबसा थँक्यू म्हटलं.

२ जानेवारी १९७७, रविवार

तळ्यावर सूटची परीक्षा. स्पंज तरंगतो, म्हणून कमरेला दुप्पट शिसं. दहा फुटांवर बसलो, मंग वीस, मंग खाली मोरीपर्यंत. खाली गेलं की दाबानं स्पंज अर्धा होतो न् ऊबही तेवढी उतरते. तरी पन्नास मिनिटं राह्यलो. थोडी थरथर. बोटं माझी होती, डोकं माझं होतं.

वर आलो तर कचरू नाचायला लागला. "जमलं की हो!"

मी काठावर बसलो न् रडलो. लोकांना वाटलं, आनंदानं.

दोन ताव स्पंज. एक डबा सोल्युशन. जुनी ट्यूब. इतकंच लागत होतं! वसंताच्या मापाचा आठ दिवसांत झाला असता. मी शोधलं न्हाई, कारण माझ्या अंगावर सूट होता.

५ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथं तरी.

सूट एकच होता, माझ्या मापाचा. वसंता किडकिडीत. मी म्हटलं, तुला ढिला होतो, तू स्वेटरवर उतर. ढिला होत होता हे खरं. पण दोरीनं आवळून दिला असता, तर काहीतरी थंडी थांबली असती. खरं असं आहे की मला तो काढायचा नव्हता. उघड्या अंगानं त्या वाऱ्यात बसायचं नव्हतं.

पहिल्या खेपेला वर आला तेव्हा दात वाजत होते. दुसऱ्या खेपेला बोटं वळत नव्हती, हातोडा मनगटाला बांधून दिला. मीच बांधला. तिसऱ्या खेपेला वर आला तेव्हा थरथर थांबली होती. हसत होता. जीभ जड झाल्ती, दारू प्यालेल्या माणसासारखी. म्हणाला, "आता गरम वाटतंय, दादा."

नेव्हीत पहिल्याच हिवाळ्यात शिकवतात. थरथर थांबली न् माणूस गरम वाटतंय म्हणाला, की त्याला पाण्यात सोडायचं न्हाई. बिलकुल न्हाई. मला ठाऊक होतं. दुपार कलली होती, काम थोडंच राह्यलं होतं.

मी म्हटलं, "चांगलं झालं. अजून एक खेप मार. संपलं मंग."

नळी अडकली नव्हती. त्याचा दोर ओढला तेव्हा तो सरळ वर आला. तोंडावरचा हवेचा मुखवटा त्यानं आपल्या हातानं काढलेला होता.

७ जानेवारी, शुक्रवार

कांताबाईला सांगितलं.

ती रानात कापूस वेचत होती. शेवटची वेचणी. बांधावर उभा राहून सगळं सांगितलं, काही ठेवलं न्हाई. ती वेचतच होती. मी बोलायचा थांबलो तेव्हा तीही थांबली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला. गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. मला वाटलं, आता ओरडेल, ढेकूळ मारेल. मारायला पाह्यजे होतं.

म्हणाली, "मंगळवारी किती वाजता यायचं?"

"बाई, दोर दुसरं कुणी —"

"किती वाजता?"

ऊन चढल्यावर, दहाला म्हटलं. ती गाठोडं डोक्यावर घेऊन निघून गेली.

८ जानेवारी

प्रभावतीलाही सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राह्यली. तव्यावरची भाकरी उलटली न् म्हणाली, "न् तिच्या हातात दोर देता?"

देतो म्हटलं.

११ जानेवारी, मंगळवार

दरवाजा सुटला! गव्हाला पाणी गेलं. मी जिवंत आहे. खांदा सुजलाय, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी दहाला उतरलो. कचरू न् त्याचा भाऊ पंपावर, कांताबाई दोरावर, बद्रीनाथ बांधावर, दरवाजा उचलायच्या चाकापाशी. मी वर येईपर्यंत चाकाला हात लावायचा न्हाई, असं बजावलं होतं. त्यांनी लावला न्हाई. चूक माझी. गेल्या वर्षी चाक जोर लावून पिळून ठेवलेलं होतं, तो ताण चाकापासनं दरवाजापर्यंतच्या गजात तसाच होता. आधी सैल करायला सांगायला पाह्यजे होतं.

दरवाजाच्या खाचेत बाभळीचं खोड अडकलेलं होतं, भोवती दगड. चाळीस मिनिटं पहारीनं खणलं. सूटनं बराबर साथ दिली. खोड निघालं न् दरवाजा स्वतःच चार बोटं वर उडाला! फटीतनं पाणी ओढायला लागलं, न् माझा डावा पाय त्याच्याबरोबर. गुडघ्यापर्यंत मोरीला चिकटलो. पहार गेली.

तीन झटके दिले.

काही न्हाई.

पुन्हा तीन झटके. दोर ताठ होता, तिच्या हातात होता, हे मला कळत होतं. पण वर काही हलेना. नळी खाली दबत चालली, हवा कमी यायला लागली. पाण्याचा आवाज कानात. न् गंमत अशी की वसंता बोलला न्हाई. पहिल्यांदाच. मी त्याची वाट पाह्यली. मनात आलं, ठीक आहे. असंच असायला पाह्यजे.

मंग दोर आला. एकदम न् जोरात. खांदा निखळेल असं वाटलं. पाय सुटला, सूटची पोटरी तिथंच राह्यली.

काठावर पडलो होतो तेव्हा बद्रीनाथ ओरडून विचारत होते, "एवढा वेळ का लागला? का लागला?" कचरू म्हणाला, आम्हाला पंप सोडता येत नव्हता. कांताबाई पलीकडं तोंड करून बसली होती.

मीच म्हटलं, दोर दगडाला अडकला असंल.

१३ जानेवारी

संक्रांत उद्यावर. दुपारी कांताबाई आली. बसली न्हाई.

"दोर अडकला नव्हता. तुमचे पहिले तीन झटके कळाले होते मला."

मी ओट्यावरनं उठून उभा राह्यलो.

"मोजत होते. ठरवलं होतं, शंभर मोजायचे न् मंग दोर सोडून द्यायचा. चाळीसला हात ओढायला लागले. मी न्हाई — हात."

प्रभावतीच्या हातनं परात पडली.

बसा म्हटलं. पाणी देऊ का म्हटलं. न्हाई म्हणाली. पदर सावरताना तिचे तळवे दिसले. दोन्ही सोललेले, दोर ओढून ओढून.