नियम चौथा

८ जुलै १९६३

कपाट आलं. लोखंडी, हिरवं, कुलपाचं. जिल्हा परिषदेने पाठवलं, जानेफळपर्यंत एस.टी.च्या टपावर आणि तिथून बैलगाडीत. सोबत पुस्तकांची पेटी. निवृत्तीने (शिपाई) विचारलं, "मोठ्या बाई, याच्यात दुधाची पावडर ठेवाची काय?" म्हणजे इथे सुरुवात कुठून करायची आहे ते कळावं.

एका वर्षात ही शाळा वाचू लागेल. ठरवलं आहे. अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही मुली लायब्ररीच्या पायऱ्यांवर तासन्‌तास बसत असू. कधी आतही जात असू.

१० जुलै

नियम केले. चारच. ठळक अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले.

एक, हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवू नये. दोन, पुस्तकं क्रमांकानेच वाचावीत. आधीचं संपल्याशिवाय पुढचं मिळणार नाही. तीन, वाचून झाल्यावर मला तोंडी सारांश सांगावा. चार, पुस्तक घरी न्यायचं असल्यास पालकाची सही किंवा अंगठा चिठ्ठीवर आणावा.

शिस्तीशिवाय वाचन म्हणजे नुसती पानं उलटणं.

१५ जुलै

उद्घाटन. पेटीतून ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने पुस्तकांना नंबर दिलेत. क्रमांक एक : कंपोस्ट खत. प्रत एकच. त्यामुळे चौथीचा सगळा वर्ग त्या एका पुस्तकासाठी रांगेत उभा. पाहून बरं वाटलं. वाचनाची ओढ मुळात असतेच, ती जागवावी लागते.

एका मुलीने रांग सोडून कपाटात हात घातला. कोकिळा. बुद्धवाड्यातली, बाप वारला, आई जनकाबाई मजुरीला जाते. तिला समुद्रातल्या प्राण्यांचं पुस्तक हवं होतं. वर देवमाशाचं चित्र आहे. देवमासा आपल्या वावरात मावेल का, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं, तो नंबर बराच पुढे आहे, आधी कंपोस्ट. तर म्हणते कशी, "बाई, माही पाळी येईलोक मी म्हातारी होईन." वर्ग हसला. पट्टी मारावी लागली. एकच.

१८ जुलै

हात धुणं नीट सुरू झालं. निवृत्ती तांब्याने पाणी ओततो. बुद्धवाड्यातल्या मुलांना जरा उंचावरून ओततो, ते शिंतोडे उडू नयेत म्हणून असावं. मी स्वतः कधीही भेद केलेला नाही. निवृत्तीला सांगायचं राहून जातं.

कंपोस्ट मी स्वतःही वाचून घेणार. उद्यापासून.

२९ जुलै

कोकिळाची पाळी आली. लगेच तक्रार. "बाई, याची पानं वरून जोडेल हायेत. ब्लेडनं कापू काय?" सरकारी पुस्तक, आणि ब्लेडने कापायचं! तिच्या आधी चार मुलांनी हेच पुस्तक वाचलं, सारांश सांगितला, पास झाले. शेण, पालापाचोळा, खड्डा, माती : फडाफडा सांगितलं. त्यांना पानं जोडलेली दिसली नाहीत, हिलाच दिसली. टाळाटाळ करणाऱ्याला कारण सापडतं. बाकावर उभं केलं.

३ ऑगस्ट

कोकिळा पुस्तक घेऊन ओसरीत बसते, पण कशी! पुस्तक तोंडाजवळ उभं धरून खालून पानांच्या घडीत डोळा घालते. विहिरीत वाकून पाहावं तसं. नीट बसायला सांगितलं. नीट बसली, मी वळल्यावर पुन्हा डोळा आत. वाचताना पाठ ताठ हवी, असा पाचवा नियम करावा का? नको. चार पुरेत.

१२ ऑगस्ट

कोकिळाचा सारांश. बाकीच्या मुलांचं सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, विहिरीच्या जवळ खड्डा खंदू नये, पाणी नासते, असं मधल्या पानावर लिहेल हाये. हे दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही; माझं वाचायचं राहिलंय. पण ठामपणे बोलली, म्हणून पास केलं. शिवाय बक्षीस म्हणून तिच्यापुरता नियम दुसरा शिथिल केला : आईचा अंगठा आणला तर देवमासा घरी नेता येईल. मी कडक आहे, कठोर नाही.

पोरगी उड्या मारतच गेली.

१९ ऑगस्ट

अंगठा आला नाही. जनकाबाई स्वतः आली, निंदण सोडून, पायाला चिखल तसाच. ओसरीखाली उभी. वर या म्हटलं, आली नाही. म्हणाली, "बाई, आंगठा मी एकडाव देल्ला. नवरा मेल्यावर दीर म्हने, कागदावर आंगठा लाव, वावर पोरीच्या नावानं करतो. वावर त्याच्या नावानं झालं. आता पुस्तकासाठी आंगठा देऊ तं काय जाईन?"

मी समजावून सांगितलं, ही साधी चिठ्ठी आहे. ती म्हणाली, "तेबी साधीच व्हती."

अज्ञान. दुसरं काय. चिठ्ठीशिवाय दिलं असतं तर? पण मग उद्या सगळेच तसं मागतील. (अजून कोणी मागितलेलं नाही.)

जाताना ती म्हणाली, "हे पोट्टी लई ऐकवते मले तुमच्या माशाचं. पुस्तक आनलं तं चौथी पुरी करू देतो, नाई तं दिवाळीनंतर वेचनीले नेतो." माझ्याकडे न बघता म्हणाली. धमकी समजायची का? मी दुर्लक्ष केलं.

२३ सप्टेंबर

वाचनालयाची प्रगती समाधानकारक. कपाट रोज पुसलं जातं. बहुतेक मुलं कंपोस्टच्या पुढे गेलेली नाहीत, पण पाया पक्का होतोय. डिसेंबरात विस्तार अधिकारी येणार. तालुक्यात आपलं वाचनालय पहिलं येईल, यात शंका नाही.

आजपासून रात्री जेवणानंतर कंपोस्ट. (डोळे दुखत होते. उद्या.)

११ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. चौथीत निम्मी मुलं. बाकीची कापूस वेचायला. कोकिळा आली. बोटं बोंडांनी ओरबाडलेली. हात धुतले, पण रक्ताचे ठिपके राहतात. नियम पहिला. दोन दिवस थांब म्हटलं. "बाई, चिठ्ठी आनली," म्हणाली. बोटं बरी झाली की बघू म्हटलं.

१३ नोव्हेंबर

वाईट दिवस. पण कर्तव्य.

कोकिळाच्या चिठ्ठीवर अंगठा नाही, सही! "जनका". अक्षरं चौथीतल्या मुलीसारखी. 'क'चं पोट बाहेर फुटलेलं, रेघ कागदाबाहेर जाऊ पाहणारी. जिला अंगठ्याची भीती वाटते ती बाई सही करते? मी विचारलं, ही कोणी केली? म्हणे, मायनं. मायला कोणी शिकवलं? म्हणे, "म्या. चुलीच्या राखीत. रोज भाकरी झाल्यावर बोटानं लिवत व्हती. आंगठा देनार नाई, पन नाव लिहीन म्हने."

राखेत! कल्पनाशक्ती आहे, तिचा दुरुपयोग करते.

सगळ्या शाळेसमोर उभं केलं. खोटी सही हा गुन्हा आहे, आणि तो वाचनालयासाठी केला म्हणून लहान होत नाही, हे समजावून सांगितलं. तळहातावर छड्या. मूठ उघडत नव्हती, निवृत्तीला हात धरावा लागला. रडली नाही. "मायले विचारा ना बाई" एवढंच म्हणत राहिली. मायला कशाला विचारू? आई मुलीच्याच बाजूने बोलणार.

वाचनालयातून नाव कमी केलं. इतरांना चांगला धडा मिळाला. दिवसभर कपाटाकडे कोणी फिरकलं नाही.

२० नोव्हेंबर

कोकिळा येत नाही. वेचणी असेल.

५ डिसेंबर

विस्तार अधिकारी आले. कपाट पाहून खूश. मुलं धुतलेले हात पुढे करून ओळीत. साहेबांनी क्रमांक एक उचललं, उघडायला गेले, पान उघडेना. उलटसुलट केलं. हसले. मग खिशातून चाकू काढून घडी कापली. सगळी पानं जोडलेली. छापखान्यातून तशीच.

"मग हे वाचलं कोणी?" साहेबांनी विचारलं. सारांशात पहिला आलेला मुलगा जमिनीकडे बघत होता. साहेब त्याला म्हणाले, तू सांग. तर म्हणाला, "आमच्या घरी उकिरडा हाये साहेब." शेवटच्या रांगेतून कोणीतरी बोललं, "कोकिळानं वाचलं. खालून डोकावून." साहेबांनी विचारलं, काय वाचलं? दोघंतिघं एकदम म्हणाले, विहिरीजवळ खड्डा नको. साहेबांनी चाकूने पुढचं पान कापलं, बोट फिरवलं, आणि मोठ्याने वाचलं. होतं.

"मुलगी कुठे आहे?" मी सांगितलं, गैरहजर. मग मला विचारलं, "बाई, तुम्ही वाचलंत?" मी म्हटलं, प्रशासनातून सवड होत नाही.

शेऱ्यात लिहिलं : कपाट उत्तम स्थितीत आहे.

रात्री विचार केला. पानांचा दोष छापखान्याचा. खड्ड्याचं तिने खरं सांगितलं होतं, हे मान्य. पण एक गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरी खरी ठरत नाही. सही ती सहीच.

९ डिसेंबर

जनकाबाई आली. सोबत कोकिळा, डोक्याला फडकं, कमरेला वेचणीची ओटी. दाखला काढायचा म्हणाली. नाव कमी करा, पोरगी येनार नाई.

मी समजावलं. चार महिन्यांत परीक्षा आहे. हुशार आहे. (म्हटलं मी. पहिल्यांदाच म्हटलं असेन.) जनकाबाई म्हणाली, "हुशार हाये म्हनूनच नेतो बाई. घरी कोनी तिले चोर म्हनत नाई."

अर्ज निवृत्तीने भरला. खाली अंगठ्यासाठी मी सवयीने शाईची गादी तिच्याकडे सरकवली. तिने ती बोटाने बाजूला लोटली. माझ्या हातातला टाक मागितला. ओसरीची पायरी चढून टेबलापाशी आली, पहिल्यांदाच. जीभ दातांत धरून, पोर गिरवते तसं, खूप वेळ. 'क'चं पोट बाहेर फुटलं. रेघ कागदाबाहेर गेली, टेबलावर शाई लागली.

टेबलावरची शाई मी लगेच पुसली नाही.

कपाट उघडलं. देवमाशाचं पुस्तक काढून कोकिळापुढे धरलं. म्हटलं, ने, चिठ्ठी नको, परत केव्हाही आण. तिने हात पाठीमागे घेतले. आईकडे बघितलं. जनकाबाई म्हणाली, "नको बाई. हात मयले हायेत तिचे."

निवृत्ती तांब्या घेऊन पुढे आला. कोणी हात पुढे केला नाही. दोघी गेल्या.

१० डिसेंबर

दारावरचा कागद काढून नवा लावला. नियम चौथा रद्द. वर्गात दोनदा वाचून दाखवला.

घरी न्यायला कोणी पुस्तक मागितलं नाही.