लबाड दुकानदाराचं नाक

उस्मानपुरा, मंगळवार, संध्याकाळ

पहिलीच्या पुस्तकाची चित्रं काढताना गोष्टीतल्या लबाड दुकानदाराला मी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या सांडूमामांचं नाक दिलं. चामखिळीसकट. वाईट माणसांची नाकं मी ओळखीतूनच उचलतो, पण हे पुस्तक मामांच्याच नातीला मिळावं?

आज गल्ल्यावर ते उघडंच होतं. चामखिळीवर बोट ठेवून मामा म्हणाले, "सायेब, लई हुबेहूब! अक्षर बारीक, मला दिसंना. गोष्टीत काय करतो मी?"

"माप देता," म्हणालो. गोष्टीत ते माप खोटं असतं, हे गिळलं.

खूश होऊन त्यांनी तोललेल्या शेंगदाण्यांवर मूठभर आणखी टाकले. "नात अक्षरं जोडायला लागलीय. दिवाळीपर्यंत वाचून दाखवंल."

मुलांनी वाचावं म्हणून जन्मभर चित्रं काढली. आज वाटलं, या पोरीनं जरा सावकाश शिकावं.