फिल्टरवरचा हात

७ जानेवारी २०२५, मंगळवार

निघत नाही म्हणे! एवढासा पत्र्याचा डबा, गडूएवढा, आणि दोन माणसांनी जोर लावून तसूभर हलत नाही.

उदाराम मेकॅनिक सकाळीच आला होता. वर्षभर आमची मारुती अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. त्याला म्हटलं, आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदल, मग बॅटरीचं बघू. तेल थंडीने इतकं घट्ट झालेलं की उतरता उतरेना. ते एकदाचं उतरलं. मग तो गाडीखाली शिरला आणि फिल्टरपाशी अडला. नुसत्या हाताने नाही, पॉलिश पेपर गुंडाळून नाही. पट्ट्याचा पाना लावला तर पट्टाच घसरला. संजूही — माझा धाकटा दीर — बाह्या सारून खाली गेला आणि तसाच बाहेर आला.

"मॅडम, ये तो पूरा जाम है," उदाराम म्हणाला. "कोणी कसला होता?"

"भाऊनं," संजू म्हणाला. "भाऊचा हात होता बाप्पा. एकदा कसला का कसला."

सासूबाई बाजेवर ऊन खात बसल्या होत्या. "राहू द्या ना," म्हणाल्या. "तो सोडून नाही राहिला त कायले ओढून राहिले?" आणि उठून आत गेल्या.

मी चिडायला हवं होतं. अंगावर काटा आला.

८ जानेवारी

कंबर. रात्री कुशीवर वळता येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दुचाकी बंद म्हणजे बंद. मणक्याची चकती सरकलीय.

मी शिकवते ती शाळा कोहमाऱ्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला. बस तिठ्यावर सोडते आणि सकाळच्या शाळेला तर बसच नाही. इतकी वर्षं इथून, कुडव्याहून, स्कूटीने गेले, आता वीस तारखेला रजा संपते. गाडी सुरू झाली तर प्रश्न मिटला. चालवता येते मला, धनेंद्रनेच शिकवली. नाही झाली तर कोहमाऱ्याला खोली घ्यायची आणि आईंना — सासूबाईंना — इथे एकटं सोडायचं, नाहीतर नोकरी सोडायची. संजू सडक अर्जुनीला, त्याच्या घरी, न्यायला तयार आहे त्यांना. पण त्या घर सोडत नाहीत. "माह्या पोराचं घर हाय," एवढंच.

संजूचं मत — गाडी भंगारात द्या. फिल्टर ओढताना जिथे तो बसतो ती जागा तुटली, आटे गेले, तर एवढ्या जुन्या इंजिनाला कोण हात लावणार? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं झालंय.

तोंडाने मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. 'अहो' नाहीतर 'हे'. इथे धनेंद्र लिहिते. कोण वाचणार आहे!

१० जानेवारी

दुपारी आई झोपल्यावर चटई टाकून गाडीखाली गेले. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर! हात वर घालून फिल्टर धरला. थंडगार. जोर लावला नाही, नुसता धरला.

गाडीला शेवटचं त्याने स्वतः जे काही केलं ते हे. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑइल आणि फिल्टर तो घरीच बदलायचा. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. दसऱ्याला गाडी पूजेला उभी राहणार ती पोटातून स्वच्छ पाहिजे म्हणायचा. तो दसरा दोन हजार बावीसचा. मला म्हणाला, झेंडू इथला नको, बाजारातून आण, आपट्याची पानंही बघ. मी गोंदियाला जाऊन आले तर सगळं आटोपलं होतं. तो पायरीवर बसलेला, म्हणाला, "झालं." आई नळावर काळे हात घासत होत्या. कढई घासली असेल.

मग दिवाळीनंतर हातातून वस्तू पडायला लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कधीपासून? मी ठासून सांगितलं, दसऱ्यापर्यंत ठणठणीत होते, स्वतः गाडीचं काम केलं. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. तो खिडकीकडे बघत होता. नसांचा आजार. आधी हात, मग पाय, मग गिळणं. नंतरचं सगळं वर्ष संजू याच गाडीने आम्हाला नागपूरला नेत-आणत होता. ऑइल बदलायचं भान कोणाला! तेवीसच्या डिसेंबरात धनेंद्र गेला आणि गाडीवर ताडपत्री आली.

म्हणजे त्याच्या हातातली शेवटची ताकद या फिल्टरवर आहे. मी तीच सोडवायला निघालेय.

नको वाटतं. आणि शाळाही नको सुटायला. दोन्ही खरं.

११ जानेवारी

आईंनी जवसाच्या तेलाचा डबा उघडायला दिला. भाजी त्यांना याच तेलातली लागते, घरच्या जवसाची. झाकण बसलेलं. मी पदर धरून पिळलं, चमच्याने उचकटलं, शेवटी ताटावर आपटलं.

"ओढून नाही निघत वं," आई म्हणाल्या. "जवसाचं तेल वाळलं का गोंद होते. शेकून निघते." गरम पाण्यात फडकं बुडवून त्यांनी झाकणाला गुंडाळलं, जरा थांबल्या आणि दोन बोटांनी उघडलं. मग उरलेल्या थेंबांनी विळ्याचं पातं पुसून ठेवलं. घरात लोखंड आलं की आधी घरचं तेल. विळा असो की कुऱ्हाड.

लोणच्याची बरणी आधी धनेंद्र उघडायचा. त्याच्या हातासाठी सगळं घर बरण्या राखून ठेवायचं. हे आठवलं आणि डाळ करपली.

१२ जानेवारी, रविवार

सत्यानाश केला.

उदारामने आज लांब पेचकस फिल्टरच्या आरपार ठोकला, म्हणाला त्याला धरून फिरवतो. फिरवला. फिल्टर हलला नाही, पत्रा तेवढा फाटत गेला. आतला काळा कागद लोंबतोय. उरलेलं तेल त्याच्या कानात गेलं. आता गाडी सुरू करून बघायचीही सोय नाही.

मी ओरडले. वर्गातही असं ओरडत नाही. "तुमचं नाही ना काही जात!" म्हटलं. तो कान पुसत म्हणाला, "मॅडम, मी वीस गाड्यांचे असेच काढले. हा कायले नाही निघत मलेच नाही समजून राहिलं. उलटून कोणी धरल्यावाणी वाटते."

त्यालाही वाटतं, म्हणजे माझंच डोकं फिरलेलं नाही.

संजूचा फोन आला, म्हणाला, पुढच्या रविवारी भंगारवाल्याला आणतो. मी नाही म्हटलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईंनी देवाला तिळगूळ ठेवला, मला दिला आणि एक वडी गाडीच्या बॉनेटवर ठेवून आल्या. मुंग्या लागल्या. मी पुसलं नाही.

१५ जानेवारी

आज ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले. सीट डाव्या अंगाला दबलेली, त्याच्या बसण्याने. गिअरच्या दांड्यावर त्याने गुंडाळलेला रुमाल अजून आहे. काढावासा वाटला नाही. स्टिअरिंग धरलं तर वाटलं, आपला हात कोणाच्या तरी हातावर पडतोय. भीती वाटली नाही. भीती वाटली नाही याचीच भीती वाटली.

मुख्याध्यापकांना द्यायचा राजीनामा मनात लिहून काढला. दोन ओळींचा झाला. इतकी वर्षं आणि दोन ओळी.

उतरताना बघितलं, आई दारात उभ्या. किती वेळच्या, कोण जाणे.

"त्याले हात नको लावू," म्हणाल्या.

"काऊन पण?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं. राग आला होता. "गाडी नाही निघाली तर मी कोहमाऱ्याला राहीन. तुम्ही एकट्या राहाल. चालेल?"

आईंनी पदराने दरवाज्याचं हँडल पुसलं आणि आत गेल्या. माझं चुकलं. एकटेपणाची धमकी द्यायला नको होती त्यांना.

१७ जानेवारी

निघाला.

सकाळी भांडी लावताना जवसाचा डबा हातात आला आणि थबकले. शेकून निघतं. ओढून निघत नाही. बाकी सगळे प्रकार झाले होते, हाच राहिला होता. उदारामला बोलावलं. तो हसला. हसू दे.

बादलीभर पाणी उकळलं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बुडवून फिल्टरच्या मुळाशी, जिथे तो इंजिनाला टेकतो तिथे, गुंडाळत राहिलो. थंड झाली की दुसरी. बोटं भाजली. मग उदारामने काठावर छिन्नी टेकवली आणि हळूहळू ठोकत गेला. टक, टक, टक. एकदम आवाज बदलला. "आला," तो म्हणाला.

पुढचं मी केलं. फाटक्या पत्र्यावर फडकं टाकून दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. धनेंद्रच्या उलट दिशेने. एक आटा, दुसरा, तिसरा — मग सैल झाला आणि माझ्या हातात आला. मी गाडीखाली पडल्या पडल्या रडले. उदाराम बिचारा चहा प्यायला निघून गेला.

परत येऊन त्याने टॉर्च मारला. आटे शाबूत! इंजिन वाचलं. पण फिल्टरचं रबर निघालं नव्हतं, वरच चिकटून होतं. ते त्याने पात्याने खरवडलं. खाली पिवळट, चकचकीत, कडक पापुद्रा.

"हे का व्हय?" तो म्हणाला. "रबराले इंजिनचं तेल लावतेत, ते असं नाही होत. हे त वार्निशवाणी हाय."

मी तुकडा हातात घेतला. पट्ट्यांनी अजून कोमट होता. नाकाशी नेला.

जवस.

आता संध्याकाळपासून तेच डोक्यात. धनेंद्र इंजिनात जवसाचं तेल लावील? पंपावरच्या पोरांना तेलावरून झापणारा माणूस? पहिल्यांदा मला शिकवलं ते हेच — नव्या फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवायचं. त्याच्या हातून हे होणं शक्य नाही.

बाजेकडे बघितलं तेव्हा बाज रिकामी होती.

१८ जानेवारी

आई स्वतःच बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

"तो म्या कसला होता वं. धनेंद्रच्या हातात गिलासबी नव्हता राहत तवा. दोन महिने झाले होते. तुले फुलं आणाले धाडलं अना मले गाडीखाली घेतलं. रबराले तेल लाव म्हणे, म्या घरचंच लावलं, विळ्याले लावतो तसं. त्याले नाही दिसलं. 'भूमेश्वरीले सांगू नको माय, सांगितलं त ते शाळा सोडते.' नाही सांगतलं."

नवा फिल्टर खोक्यातून काढून मी कसायला त्यांच्या हातात दिला. इंजिन ऑइलचा डबाही दिला. बॅटरी उदाराम उद्या बसवतो. सोमवारी गाडीने शाळेत जाते.